बाबांच्या हातावर रूपक : कंपनातून निरोप पोचवायचा कसा?

रामबागकर

नमस्कार मंडळी. इतके दिवस इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७८ वर्षांचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, उजव्या डोळ्याला खिडकीचा उजेड तेवढा कळतो. गेल्या तीन वर्षांत कानही गेले. श्रवणयंत्र लावलं की आवाज येतो, शब्द उमगत नाहीत, म्हणून ते आता डबीतच असतं. बोलणं मात्र खणखणीत. त्यामुळे बाबांचं सगळं आमच्यापर्यंत पोचतं, अडतं ते आमचं त्यांच्यापर्यंत पोचवताना. आम्ही त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढतो, शिरोरेघ न देता. 'चहा', 'ताई आली', 'औषध'. ते त्यांना छान जमतं, पण त्यासाठी हात धरायला माणूस जवळ लागतो. मी ऑफिसात, बायको शाळेत, दुपारचे तीन-चार तास बाबा एकटे. दारावर कोणी आलं, गोळीची वेळ झाली, मी निघालो, यातलं काहीच त्यांना कळत नाही. आणि अचानक खांद्यावर हात पडला की दचकतात. गेल्या महिन्यात असंच दचकून गरम चहा मांडीवर सांडला. फोड आले. त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मी मोबाइलची ॲप्स करतो, त्यामुळे वाटलं की कंपनाचा उपयोग करता येईल. घरात पडलेला एक जुना अँड्रॉइड फोन कापडी पिशवीत घालून त्यांच्या दंडाला बांधला. अकरा निरोप ठरवले. हलकी थरथर म्हणजे हे, मध्यम म्हणजे ते, जोराची म्हणजे तिसरं, त्यातही लांब आणि आखूड. आठवडाभर रोज संध्याकाळी सराव. अकरापैकी दोनच धड ओळखू यायचे.

मग दुसरा प्रयोग. इथल्या, इंदूरच्या, जेल रोडवरून चार छोट्या नाण्यासारख्या मोटरी आणल्या, पट्ट्यावर दोन-दोन सेंटिमीटरवर शिवल्या आणि कोपर ते मनगट या भागात बांधल्या. पहिली मोटर म्हणजे दार, दुसरी औषध, असं. बाबा म्हणाले, "अरे, सगळा हातच गुरगुरतोय, त्यातली कुठली हे काय सांगू?"

पट्टा काढून ठेवला. त्यानंतर रंगपंचमी आली. राजवाड्याजवळ मावसभावाच्या घरून दरवर्षी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघतो, या वेळी बाबांनाही नेलं. ते गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभे होते. खालून गाड्या, ढोल, स्पीकर, सगळा लोट चाललेला. मध्येच बाबा म्हणाले, "केहरवा आहे ना रे?" केहरवा तालच होता. बाबा तरुणपणी आठ-नऊ वर्षं तबला शिकलेत, हे मी जवळपास विसरलोच होतो.

तर प्रश्न असा : निरोप म्हणून ताल वापरले तर? या विषयातली माहितगार मंडळी इथे असतील तर कृपया मोकळेपणी लिहा. काय चुकतंय, काय करून बघू?

जेलरोड_जंक्शन

मोटरी आणल्यात ते दुकान कुठलं हे मला ओळखता येईल बहुतेक. :)

आधी फोनबद्दल. जुन्या फोनमध्ये बहुधा साधी फिरती मोटर असते. तिच्या दांड्याला एका बाजूला जड वजन बसवलेलं, ती फिरली की तोल जातो आणि फोन हलतो. ही मोटर वेग घ्यायलाही वेळ लावते आणि थांबायलाही. तुम्ही ४०-५० मिलिसेकंदांचा ठोका दिलात तर ती नीट फिरायच्या आत वीज बंद होते. शिवाय जोर वाढवायचा तर वेग वाढवावा लागतो, म्हणजे जोर आणि कंपनसंख्या एकमेकांना बांधलेली. जोर एकीकडे आणि सूर दुसरीकडे, असं तिच्यात करता येत नाही.

चांगल्या फोनांत आणि घड्याळांत एलआरए नावाचा वेगळा कंपक असतो. त्यात स्प्रिंगवर बसवलेलं वजन पुढेमागे हलतं. तो लगेच सुरू होतो, लगेच थांबतो, ठोका स्वच्छ येतो. पण तो आपल्या ठरलेल्या कंपनसंख्येलाच नीट चालतो, साधारण १५० ते २३५ हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी. ठोका स्वच्छ असला तर हाताला किती फसवता येतं बघा : २०१६ च्या आयफोन ७ चं होम बटण खाली जातच नव्हतं. दाबल्यासारखं वाटायचं ते फक्त आतल्या कंपनामुळे. फोन बंद केला की ते बटण दगडासारखं व्हायचं.

आता महत्त्वाचा प्रश्न. अँड्रॉइड ८ पासून कंपनाचा जोर १ ते २५५ असा देता येतो. पण त्या फोनच्या मोटरला जोर कमीजास्त करायची सोयच नसेल, तर १ द्या नाहीतर २५५ द्या, ती चालते एकाच जोराने. ही सोय आहे का, हे ॲपमधून फोनला विचारता येतं. विचारलं होतंत का?

रामबागकर

नव्हतं विचारलं. आत्ता तपासलं. उत्तर 'नाही' आलं.

म्हणजे माझे हलकी, मध्यम, जोराची हे तिन्ही प्रकार बाबांच्या दंडावर एकच होते. जो फरक त्यांना ओळखायला सांगत होतो तो तिथे नव्हताच, आणि मी आठवडाभर त्यांच्या हातावर 'नीट लक्ष द्या' असं लिहीत होतो. फार वाईट वाटतंय. आज संध्याकाळी हे त्यांना सांगणार आहे.

नसानसांत

रामबागकर, मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्या प्रयोगातही बाबांची चूक नव्हती. मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्पर्शाची तपासणी हे माझं रोजचं काम.

कंपन टिपणारी त्वचेतली मुख्य ग्राहकं दोन. माइसनर वरच्या थरात, ती १० ते ५० हर्ट्झच्या फडफडीला जागी होतात. पॅसिनी खोलवर, ती २०० ते ३०० हर्ट्झला सर्वांत तल्लख. तुमच्या मोटरी मुख्यतः या पॅसिनीशी बोलतात. पॅसिनी अतिशय हळवी, पण तिचा टापू मोठा. कंप आला एवढं ती चोख सांगते, नेमका कुठे आला ते सांगणं तिला कठीण. त्यात कंपन हाडातून आणि मांसातून पसरतं. वेबरने १८३४ मध्येच दाखवलं होतं की दोन टोकं वेगळी कळायला किती अंतर लागतं ते शरीरावर जागोजागी बदलतं. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटर पुरतात, कोपर ते मनगट या भागात जवळपास चार सेंटिमीटर लागतात. तुमच्या मोटरी दोन सेंटिमीटरवर होत्या. तिशीतल्या माणसालाही ते जड गेलं असतं.

दुसरं असं की सतत चालू ठेवलेलं कंपन थोड्या वेळाने जाणवेनासं होतं. या ग्राहकांना बदल कळतो, चालू असलेलं कळत नाही. म्हणून ठोक्याइतकीच मधली शांतताही नीट जपा.

तिसरं, आणि हे आधी विचारायला हवं होतं : बाबांना मधुमेह आहे का? वयाने कंपनाची जाणीव कमी होतेच, त्यात हातांपेक्षा पावलांची आधी. मधुमेहात तर पायाच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा कंप पावणारा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) ठेवून आम्ही तेच बघतो.

रामबागकर

आहे, चौदा वर्षांपासून. तो चिमटा त्यांच्या अंगठ्यावर ठेवला होता तेव्हा त्यांना काहीच कळलं नव्हतं. मनगटाच्या हाडावर ठेवला तेव्हा लगेच "हं" म्हणाले होते. काल मी मोटर हातात धरून तळहातावर जागा शोधत बसलो. अंगठ्याच्या मुळाशी जो फुगीर भाग असतो तिथे त्यांना सर्वांत स्पष्ट लागतं.

ओसरी

बरं झालं हे वाचलं. मी बूट सुचवणार होते. हैदराबादेत 'लेचल' नावाचे बूट निघाले होते, वळायचं असेल त्या बाजूचा बूट थरथरायचा. कल्पना फार सुंदर, पण पायाची जाणीवच गेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग. आयआयटी दिल्लीची स्मार्टकेन मात्र हातात धरायची असते, २०१४ पासून आहे. पांढऱ्या काठीच्या मुठीवर बसवायचं यंत्र, गुडघ्याच्या वरचे अडथळे ध्वनिलहरींनी शोधून मूठ थरथरवतं. माझ्या काकांकडे आहे. लटकलेल्या फांदीला आता डोकं आपटत नाहीत.

तारबाबू

मी तारखात्यातून निवृत्त. १५ जुलै २०१३ ला तार बंद झाली तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

रामबागकर, तुमचा धागा वाचून जुने दिवस आठवले. मोर्स शिकताना पहिले काही आठवडे आपण कट्टकट्ट मोजतो. एक आखूड, दोन लांब, म्हणजे डब्ल्यू. मोजतोय तोवर आपण कच्चे. मग एक दिवस मोजणं सुटतं आणि अक्षराचा आकारच कानात उतरतो, पुढे पुढे आख्खा शब्द उतरतो. हातांनी पाठवणारा मुरलेला माणूस मिनिटाला वीस-पंचवीस शब्द सहज पाठवायचा. तेव्हा बाबांना मोजायला लावू नका. मोजायला लागलं की दुपारच्या झोपेतून उठलेला माणूस चुकणारच.

दुसरी गोष्ट. इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारं अक्षर ई, त्याला मोर्समध्ये एकच टिंब. टीला एकच रेघ. जे वारंवार लागतं ते सर्वांत आखूड. तुमच्याकडे दिवसातून सर्वांत जास्त वेळा लागणारा निरोप कुठला? त्याला सर्वांत छोटा ताल द्या.

आणि अकरा निरोप फार होतात हो. सुरुवात तीनाने करा.

मधली_सुट्टी

मी बहिरांध मुलांना शिकवते. तारबाबूंशी पूर्ण सहमत, तीनच घ्या.

पण त्याआधी एक गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाबा दचकतात, तुम्ही लिहिलंय. ज्याला दिसत नाही आणि ऐकू येत नाही त्याच्यासाठी प्रत्येक स्पर्श अचानकच येतो. आपल्याला निदान पावलं वाजतात, सावली दिसते. म्हणून आम्ही वर्गात मुलाला हात लावायच्या आधी हाताच्या पाठीला आपला हात हलकेच टेकवून थांबतो. मूल आपण होऊन हात वळवतं, मगच खूण करायची. प्रत्येक शिक्षिकेची ओळखीची खूण वेगळी असते. माझ्या हातातला जाडसर कडा मुलं आधी चाचपतात, तोच माझं नाव. तुमच्या यंत्रालाही अशी हाक हवी. निरोपाआधी एक हलका ठोका, मग सेकंदभर थांबा, मग निरोप. तो सेकंद बाबांचा असू द्या.

हेलन केलर यांनी १९२४ मध्ये रेडिओच्या ध्वनिपडद्यावर बोटं ठेवून बीथोव्हनची नववी सिंफनी अनुभवली होती, वाद्यांची आणि गायकांची कंपनं वेगवेगळी कळल्याचं त्यांनी पत्रात लिहिलंय. तुमच्या बाबांनी कठड्यावर केहरवा ओळखला हे वाचून मला ते आठवलं. ज्यांच्या हातांना आधीच लय ठाऊक आहे त्यांना नवी भाषा शिकवायची गरज नाही, त्यांच्या हातातली भाषा वापरा.

छप्पन_दुकान

मला थोडं वेगळं वाटतं, राग मानू नका. माझ्या आजीचं शेवटी शेवटी असंच झालं होतं. आम्ही घरातले नऊ जण आळीपाळीने तिच्याजवळ बसायचो. यंत्र आलं की माणसं हात धरायचं थांबवतात अशी मला भीती वाटते. 'निरोप पाठवला, पोचला' म्हणून सगळे मोकळे होतात. त्यापेक्षा दुपारी कोणीतरी घरी राहील अशी सोय बघता येणार नाही का?

रामबागकर

राग कसला. ही भीती मलाही आहे.

माणूस ठेवून पाहिला. दोन महिने एक बाई यायच्या, चांगल्या होत्या. बाबांनाच ते नको झालं. त्यांचं म्हणणं, "कोणीतरी समोर बसून माझ्याकडे बघतंय हे मला दिसत नाही, पण जाणवतं." त्यांना दुपारी एकटं बसायला आवडतं, आधीपासूनच. एकटं असावं, पण तुटलेलं नसावं, एवढंच त्यांचं मागणं आहे. तळहातावर लिहिणं आम्ही सोडणार नाही, रात्री जेवणानंतरचा तो अर्धा तास आमच्या घरात कोणीच चुकवत नाही. मला फक्त दुपार भरून काढायची आहे.

तूर्त तीनच निरोप ठरवले : दारावर कोणी आलंय, गोळी घ्या, मी निघालोय. तारबाबूंच्या नियमाने दाराला दादरा (सहा मात्रा), मी निघालो याला रूपक (सात), गोळीला झपताल (दहा). खंडानुसार (म्हणजे तालाच्या भागांनुसार) ठोके दिले, खंडांमध्ये जरा जास्त थांबलो आणि समेचा, म्हणजे पहिल्या मात्रेचा, ठोका सगळीकडे ठळक ठेवला. फोन बाजूला ठेवून जेलरोड_जंक्शन यांनी खासगी संदेशात सांगितल्याप्रमाणे एक मोटर ट्रान्झिस्टरमार्फत छोट्या मायक्रोकंट्रोलरला (मोटर चालू-बंद करणारी चिप) जोडली आणि ती आईच्या जुन्या कुंकवाच्या डबीत बसवली. डबी मुठीत बरोबर मावते.

दादरा आणि झपताल बाबांनी ओळखले. रूपकाला म्हणाले, "हे काहीतरी सात मात्रांचं आहे, पण रूपक नाही." तीनदा वाजवलं, तीनदा हेच. मी मोजून मोजून बघतोय, तीन-दोन-दोन अगदी बरोबर आहे. कोणी सांगेल का?

तिरकिट

ग्वाल्हेरहून लिहितोय. तबला शिकवतो. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांचा हात अजून शाबूत आहे.

रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे रिकाम्या मात्रेवर, असते! इतर तालांत पहिली मात्रा भरीव, रूपकात ती रिकामी. ठेका म्हणून बघा : तीं तीं ना । धीं ना । धीं ना. पहिल्या तीन मात्रांत डग्गा (जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा) वाजतच नाही. डग्गा येतो तो चौथ्या मात्रेवर. तुम्ही पहिलाच ठोका ठळक दिलात. जाणकाराच्या हाताला तो रूपक वाटणारच नाही. सात मात्रा आहेत एवढंच कळणार, आणि ते त्यांनी बरोबर सांगितलं.

माझी सूचना : खंड मोजून ठोके देऊ नका, बोल द्या. ज्या बोलात डग्ग्याची घुमारी आहे, धा आणि धीं, तो लांब. ज्यात नाही, ना आणि तीं, तो आखूड. तबला वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताला ही घुमारी तळव्यातून माहीत असते, ती कानाने शिकलेली नसते. मग बघा,

दादरा (धा धीं ना । धा तीं ना) : लांब लांब आखूड, लांब आखूड आखूड.

रूपक : आखूड आखूड आखूड, लांब आखूड, लांब आखूड.

झपताल (धीं ना । धीं धीं ना । तीं ना । धीं धीं ना) : लांब आखूड, लांब लांब आखूड, आखूड आखूड, लांब लांब आखूड.

फायदा कळला का? तुमच्या आधीच्या रचनेत दादरा आणि रूपक दोन्ही तीन सारख्या ठोक्यांनी सुरू व्हायचे. आता पहिल्या दोन मात्रांतच तिन्ही वेगळे होतात. ताल पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही.

नसानसांत

तिरकिट, दोनदा वाचलं. फारच छान.

ग्लासगो विद्यापीठात ब्राउन, ब्रूस्टर आणि पर्चेस यांनी २००५ मध्ये हेच तपासलं होतं. फोनच्या सूचनांसाठी तीन लयी आणि तीन प्रकारचा खरखरीतपणा यांच्या जोड्या करून नऊ कंपनं बनवली. लय लोकांनी ९३ टक्के वेळा बरोबर ओळखली, खरखरीतपणा ८० टक्के, आणि दोन्ही एकदम ओळखायचं म्हटलं तर ७१ टक्के. लय सर्वांत टिकाऊ. त्यात बाबांची लय आयुष्यभराची.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९५७ मध्ये, फ्रँक गेल्डार्ड यांनी छातीवर पाच कंपकं बसवून, तीन जोर आणि तीन लांब्या घेऊन ४५ खुणांची आख्खी स्पर्शभाषा मांडली होती. त्यांचा एक विद्यार्थी मिनिटाला ३८ शब्दांपर्यंत पोचला. तारबाबूंच्या वीस-पंचवीसच्याही पुढे. तेव्हा कातडी कमी पडत नाही, आपण तिच्याशी बोलतो कसं यावर सगळं आहे.

तारबाबू

३८! छातीवर! त्या विद्यार्थ्याला माझा सलाम.

रामबागकर

काल रात्री तिरकिट यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. मात्रा ४५० मिलिसेकंदांची धरली. लांब म्हणजे ३०० चालू आणि १५० बंद, आखूड म्हणजे १२० चालू आणि ३३० बंद. कोणाला फोनवर करून बघायचं असेल तर रूपकाची आकड्यांची ओळ देतोय. पहिला आकडा थांबण्याचा, मग चालू-बंद-चालू असं :

०, १२०, ३३०, १२०, ३३०, १२०, ३३०, ३००, १५०, १२०, ३३०, ३००, १५०, १२०

आधी एक हलका ठोका, मग सेकंदभर शांत, मग ताल. मधली_सुट्टी यांची हाक ठेवलीच आहे.

बाबा झोपाळ्यावर बसले होते. डबी त्यांच्या मुठीत दिली आणि मी आतल्या खोलीत गेलो, म्हणजे माझ्या हालचालीवरून अंदाज यायला नको. रूपक सोडला. तिसऱ्या ठोक्यालाच बाहेरून आवाज आला, "तीं तीं ना!" आणि मग उरलेला ठेका त्यांनी मांडीवर थापून पुरा केला. मी दारात येऊन बघत राहिलो. त्यांचा डावा हात हवेतच डग्गा घुमवत होता.

मग उलटसुलट क्रमाने वीस वेळा पाठवले. अठरा बरोबर. जे दोन चुकले ते दोन्ही एका पाठोपाठ एक पटकन पाठवलेले होते.

जेलरोड_जंक्शन

अभिनंदन! १२० चा ठोका त्या मोटरला जेमतेम पुरतो, बॅटरी उतरली की आखूड ठोके आधी गायब होतील. रूपकाचे पाचही आखूड गेले तर बाबांना दोनच लांब ठोके लागतील. बॅटरी विशिष्ट पातळीखाली गेली की तुमच्या फोनवर सूचना येऊ द्या. पुढच्या डबीत एलआरए टाकू, माझ्याकडे दोन पडलेत.

ओसरी

एक शंका. संकट असेल तर? गॅस, आग, काहीही. त्यालाही ताल देणार?

नसानसांत

माझ्या मते त्याला ताल अजिबात देऊ नये. विमानात स्टिक शेकर असतो. विमानाची उचल जायची वेळ आली की वैमानिकाच्या हातातला दांडाच गदागदा हलायला लागतो. त्याचा अर्थ एकच आणि तो दुसऱ्या कशासाठीही वापरत नाहीत. संकटाचं कंपन असंच हवं, लयीत न बसणारं, लांब, सलग. आणि ते महिन्यातून एकदा तरी सांगून वाजवून दाखवा, नाहीतर खऱ्या वेळी ते काय आहे हेच आठवणार नाही.

मधली_सुट्टी

आणि ते आल्यावर बाबांनी नेमकं काय करायचं हे आधी ठरवा. उठून कुठे जायचं? कोणत्या भिंतीला हात लावत? दाराशी पोचल्यावर कोण भेटणार? नुसतं 'संकट आहे' कळून काही करता आलं नाही तर ते न कळण्याहून वाईट.

रामबागकर

हे मी विचारात घेतलंच नव्हतं. शेजारच्या काकूंशी बोललो. सलग कंपन आलं की बाबांनी झोपाळ्यावरून उठून डाव्या हाताची भिंत धरत दारापर्यंत जायचं आणि कडी काढून उंबऱ्यातच उभं राहायचं. त्याच क्षणी काकूंच्या फोनवरही सूचना जाईल, त्या जिना उतरून येतील. रविवारी दोनदा करून पाहिलं. दुसऱ्यांदा बाबा काकूंच्या आधी दारात होते.

बाकी वर्तमान असं की बाबांनी निरोपांची अदलाबदल केली. म्हणाले, दाराला दादरा ठीक आहे, पण गोळीला झपताल नको, त्यांच्या गुरुजींचा तो आवडता ताल, त्यावर कडू गोळी नको. गोळीला आता रूपक आहे. झपताल म्हणजे मी निघालो. तारबाबू, तुमचा नियम थोडा मोडला, मोठा ताल मला गेला.

तारबाबू

मोडू द्या. ज्याच्या हातावर वाजणार त्याने ठरवलं, याहून चांगला नियम नाही. पण एक विचारतो, ते तुम्हाला उलट निरोप कसा देतात?

रामबागकर

ते बोलतात, पण मी ऑफिसात असताना नाही ना. कालच त्यांनी विचारलं, "या डबीतून मला काही पाठवता येईल का?" डबीच्या झाकणाखाली दाब ओळखणारी चकती बसवायचा विचार आहे, म्हणजे त्यांनी बोटाने ठेका धरला की माझ्या फोनवर तो तसाच्या तसा कंपनात येईल. भाषांतर नको, अक्षरं नकोत. फक्त ठेका. जेलरोड_जंक्शन, रविवारी सकाळी दुकानात असाल का? डबी घेऊन येतो, बाबांनाही आणतो. त्यांना तुमच्याकडच्या एलआरएचा ठोका स्वतःच्या हातावर बघायचाय.

जेलरोड_जंक्शन

दहानंतर या. पोहे सांगून ठेवतो. आणि दुकानात शिरताना बाबांना काय सांगायचं, हाताच्या पाठीला हात टेकवून थांबायचं ना? तेवढं मला नीट दाखवा.

मधली_सुट्टी

हो, तेवढंच. टेकवा आणि थांबा. ते हात वळवतील.